तिसऱ्या वर्षात नर्सिंग सोडू का?

पत्राचा सारांश (नाव, गाव आणि कॉलेज गाळून): पत्र लिहिणारी मुलगी 21 वर्षांची, मराठवाड्यातल्या एका खेड्यातली. शहरातल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सहाव्या सेमिस्टरला आहे. प्रवेश गुणवत्तेवर, सरकारी फेरीतून झालेला. पहिल्या वर्षाची फी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून भागली. दुसऱ्या वर्षी केंद्राच्या हिश्श्याचे 41,000 रुपये तिच्या खात्यात आले आणि त्याच आठवड्यात गवंडीकाम करणारे वडील परांचीवरून पडले. खुब्याचं ऑपरेशन झालं, पैसे दवाखान्यात गेले. तिसऱ्या वर्षाचा महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज त्रुटी दाखवून परत आला होता. तिने पाहिलं तोवर मुदत संपली होती. आता कॉलेजचे मागचे 41,000, या वर्षाचे 78,000 आणि मेसचे 9,000 असे 1,28,000 रुपये थकलेत. बाकी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नाही, असं ऑफिसातून सांगितलंय. तालुक्याच्या एका हॉस्पिटलातून महिना 9,000 रुपयांवर 'सिस्टर' म्हणून बोलावणं आलंय. धाकटा भाऊ बारावीला आहे, आईच्या डोक्यावर मायक्रोफायनान्सचे हप्ते आहेत. ती लिहिते, "मी मोठी आहे, मीच थांबायला पाहिजे. आणि ते 41,000 मी चोरल्यासारखेच आहेत. प्राचार्यांपुढे उभं राहायची हिंमत होत नाही. कॉलेज सोडू का? की जीएनएमला (नर्सिंगच्या पदविकेला) जाऊ?"

प्रिय मुली,

आधी त्या 41,000 रुपयांबद्दल बोलते, कारण तुझ्या पत्रातला सगळा गुंता तिथेच आहे. बाकीच्या अडचणी पैशाच्या आहेत, ही मनाची आहे. हिच्यामुळेच तू आजवर मदत मागायला एकाही दारात गेलेली नाहीस.

2021 साली या शिष्यवृत्तीचे नियम बदलले. तेव्हापासून तुझ्यासारख्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात जमा होतो. त्यातली फी 7 दिवसांत कॉलेजला भरायची असते. कागदावर हे सोपं दिसतं. पण ज्या घरात दहा हजार रुपये एकरकमी कधी दिसत नाहीत, त्या घरातल्या मुलीच्या खात्यात एकदम 41,000 येतात आणि चार दिवसांनी बाप ऑपरेशनच्या टेबलावर असतो. काउंटरवरचा माणूस म्हणतो, आधी डिपॉझिट भरा. त्या क्षणी तू जे केलंस ते तुझ्या जागी असलेल्या बहुतेक मुलींनी केलं असतं. मी तुला दोष देणार नाही, आणि तूही स्वतःला चोर म्हणू नकोस. तू कॉलेजचे 41,000 रुपये देणं लागतेस, एवढीच वस्तुस्थिती आहे. चोरी लपवावी लागते. देणं मात्र समोर जाऊन कबूल करता येतं आणि त्याचे हप्ते मागता येतात.

(वडिलांचे पुढचे उपचार बाकी असतील तर एक लक्षात ठेव. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो. पैसे भरायच्या खिडकीवर जाण्याआधी त्याला भेटायचं. नर्सिंगच्या मुलींना वॉर्डातल्या रुग्णांसाठी हे ठाऊक असतं, स्वतःच्या घरावर वेळ आली की सुचत नाही.)

आता त्या 9,000 रुपयांच्या नोकरीकडे वळू. बोलावणं करणाऱ्यांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे तू कोण असशील याचा विचार कर. आपल्याकडे परिचारिका म्हणून काम करायला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते, आणि तुला ती पदवी पूर्ण झाल्याशिवाय मिळणार नाही. बी.एस्सी. नर्सिंगमध्ये अडीच वर्षांनी बाहेर पडलं तर मधलं कुठलंही प्रमाणपत्र मिळत नाही. हातात राहतात ती पाच सेमिस्टरची गुणपत्रकं. त्या हॉस्पिटलात रात्री दोन वाजता सलाईन लावणारी, इंजेक्शन देणारी, बीपी घसरला म्हणून डॉक्टरांना फोन करणारी तू असशील. हजेरीपटावर मात्र तू मदतनीस असशील. एखाद्या रुग्णाला रिअ‍ॅक्शन आली, नातेवाईक चिडले, पोलीस आले, तर 'ही कोण? हिची नोंदणी कुठे आहे?' हा प्रश्न पहिल्यांदा तुझ्यावरच येईल. अशा 'सिस्टर' प्रत्येक तालुक्यात आहेत. कामात त्या कुणापेक्षा कमी नसतात, कित्येकदा नव्या डॉक्टरांना त्याच शिकवतात. पण वर्षं सरतात, पगार हजार-पाचशेनेच वाढतो आणि दुसरीकडे अर्ज करायचा तर दाखवायला कागद नसतो.

आता दुसऱ्या बाजूला काय आहे ते बघ. राज्य सरकारच्या रुग्णालयात अधिपरिचारिकेचं मूळ वेतन 35,400 रुपयांपासून सुरू होतं, भत्ते वेगळे. आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून कंत्राटी नेमणूक मिळाली तर 25,000 रुपये आणि कामावर आधारित 15,000 पर्यंत मोबदला असं गणित असतं. एम्सच्या नॉरसेट या भरती परीक्षेतून नर्सिंग ऑफिसर झालीस तर मूळ वेतन 44,900. या जागा सगळ्यांना मिळत नाहीत, हेही सांगायला हवं. भरती वर्षानुवर्षं रखडते आणि खासगी रुग्णालयं सुरुवातीला फार कमी देतात. तरी नोंदणी असलेल्या मुलीला निदान अर्ज करता येतो, नोकरी बदलता येते, पगारावर भांडता येतं. तुझ्या आणि त्या नोंदणीच्या मध्ये हे सेमिस्टर आणि त्यापुढचं एक वर्ष आहे. त्यातलं शेवटचं सेमिस्टर तर इंटर्नशिपचं.

जीएनएमचा विचार तर डोक्यातून काढून टाक. ते तीन वर्षं पहिल्यापासून करावं लागेल, इथे घेतलेलं शिक्षण तिथे धरलं जात नाही. शिवाय नॉरसेटसारख्या परीक्षेला बी.एस्सी.ची मुलगी लगेच बसू शकते, जीएनएमवाल्या मुलीला निदान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. ज्या मुली बारावीनंतर विचार करून जीएनएमला जातात त्यांच्यासाठी तो मार्ग चांगलाच आहे. तुझ्यासाठी तो दीड वर्षाचा रस्ता सोडून तीन वर्षांच्या रस्त्याला लागण्यासारखा होईल.

'मी मोठी आहे, मीच थांबायला पाहिजे' हे वाक्य तू पत्रात इतक्या सहज लिहिलंस की मी तिथे थबकले. हे तुला घरातल्या कुणी सांगितलंय का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. आईने 'सोड' म्हटलेलं नाही, वडिलांनी नाही, भावाने तर नाहीच. तूच ठरवून टाकलंस. उद्या भाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असता आणि तू बारावीला असतीस, तर 'तू सोड, बहिणीला शिकू दे' असं तुमच्या घरात कुणी म्हटलं असतं का? मला वाटतं, सगळ्यांनी मिळून त्याचं एक वर्ष कसंही निभावून नेलं असतं. मग तुझंही निभावून न्यायला सांग. आणि हिशेबानेही बघ. महिना 9,000 मधून तुझं जेवण-जाणं वजा करून घरी जे उरेल त्यात आईचे हप्ते कसेबसे निघतील, भावाची फी निघणार नाही. त्याच्यासाठी त्याच्या नावाची शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिचा तुझ्या शिकण्याशी काही संबंध नाही. भाऊ दुसऱ्या वर्षाला पोचेल तेव्हा घरात नोंदणी असलेली, पगार आणणारी बहीण असणं, ही त्याला खरी मदत होईल.

आता आकड्याकडे ये. 1,28,000 ही रक्कम तू एकाच ओझ्यासारखी डोक्यावर घेतली आहेस. ती तीन वेगवेगळी ओझी आहेत.

त्यातले 78,000 हे मुळात तुझं देणं होऊच नये. ती शिष्यवृत्तीतून येणारी फी आहे आणि तुझा हक्क अजून संपलेला नाही. अर्ज 'परत पाठवला' म्हणजे 'नामंजूर' नव्हे. बहुतेक वेळा कारण किरकोळ असतं: उत्पन्नाचा दाखला जुना, मागच्या वर्षाचं गुणपत्रक अस्पष्ट, प्रवेशफेरीचं पत्र जोडलेलं नाही. लॉगिन करून नेमका शेरा काय आहे त्याची प्रिंट काढ. अशा अर्जांसाठी पोर्टलची मुदत बऱ्याचदा वाढते, कधी मागच्या वर्षाचे अर्जही दुरुस्तीसाठी पुन्हा खुले होतात. हे आपोआप कळत नाही, विचारत राहावं लागतं. त्यासाठी कॉलेजातला शिष्यवृत्तीचा लिपिक हा तुझ्यासाठी या महिन्यात सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे. मुली त्याला घाबरतात. पण एकाच टेबलावर शेकडो अर्ज असतात, आणि जी मुलगी पूर्ण फाइल घेऊन उभी राहते तिचा अर्ज पुढे सरकतो. त्याच्याकडून न सुटल्यास प्राचार्यांचं पत्र घेऊन जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात जा. अर्ज दोन प्रतींत कर आणि एका प्रतीवर पोचशिक्का घे. तोंडी बोलणं कितीही चांगलं झालं तरी त्यावर आवक क्रमांक पडत नाही.

जाण्यापूर्वी बँकेत एक गोष्ट तपासून घे. शिष्यवृत्तीचे पैसे तू अर्जात लिहिलेल्या खात्यावर नव्हे, आधारशी शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यावर जातात. नवं सिमकार्ड घेताना किंवा दुकानात अंगठा देताना पेमेंट बँकेचं खातं नकळत उघडलेलं असतं आणि आधार तिकडे जोडलं जातं. मुली म्हणतात पैसे आलेच नाहीत, आणि पैसे भलत्याच खात्यात पडून असतात. तुझं सध्या कुठलं खातं जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं, बँकेतही सांगतात.

आणखी एक. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, ती प्रत्येक कॉलेजनुसार त्यांच्या संकेतस्थळावर असते. तुझ्या वर्षाची मंजूर फी किती आहे ते बघ. 78,000 हा आकडा त्याच्याशी जुळतो का, त्यात गणवेश, क्लिनिकल, बस अशी काय काय भर आहे, हे शांतपणे लेखी मागता येतं. भांडायला जायचं नाही, हिशेब समजून घ्यायला जायचं.

41,000 हे खरं तुझं देणं. यासाठी प्राचार्यांसमोर जावंच लागेल. एकटी जाऊ नकोस. तुला जिचा आधार वाटतो अशी एक ट्यूटर किंवा क्लास कोऑर्डिनेटर मॅडम निवड, आधी तिला सगळं सांग. जिने तुला वॉर्डात काम करताना पाहिलंय, तिच्या शब्दाला प्राचार्यांकडे वजन असतं. मग अर्ज लिही. लांबलचक नको. साधारण असा: "वडिलांच्या अपघातामुळे दुसऱ्या वर्षाच्या शिष्यवृत्तीतील रु. 41,000 मला कॉलेजला भरता आले नाहीत. ही रक्कम मी मान्य करते. सोबत रुग्णालयाची बिलं व डिस्चार्ज कार्ड जोडले आहे. ही रक्कम दरमहा ठरावीक हप्त्याने भरण्याची व सहाव्या सेमिस्टरचा परीक्षा अर्ज पुढे पाठवण्याची परवानगी मिळावी. तिसऱ्या वर्षाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची सद्यस्थिती सोबत जोडत आहे." खाली तुझी सही आणि शक्य असेल तर आईची. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडायला विसरू नकोस, त्याने अर्ज खरा वाटतो. आणि जाताना थोडी तरी रक्कम घेऊन जा, दोन हजार का होईना. हप्ते मागणाऱ्याने पहिला हप्ता समोर ठेवला की ऐकणाऱ्याचा सूर बदलतो.

मला माहीत आहे, काही ठिकाणी ऐकत नाहीत. तसं झालं तर 'परीक्षा अर्ज का रोखला' याचं लेखी उत्तर माग आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या विद्यार्थी कल्याण विभागाला लिही. त्यांच्या कमवा आणि शिका, सावित्रीबाई फुले विद्याधन, बुक बँक अशा योजनाही आहेत, त्यांची चौकशी त्याच पत्रात कर. परीक्षा अर्जाची तारीख गेली तरी विलंब शुल्क भरून काही दिवस अर्ज घेतले जातात. पण त्या भरवशावर बसू नकोस.

उरले मेसचे 9,000 आणि पुढच्या वर्षाचं खाणं-राहणं. तुझे वडील गवंडी आहेत, तर इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी आहे का? हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस आणि मला तेच आधी विचारावंसं वाटलं. नोंदणीकृत कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना पदवीसाठी दरवर्षी 20,000 रुपये मिळतात, अपघात आणि आजारपणाच्याही योजना आहेत. नोंदणीचं नूतनीकरण लागतं आणि त्यासाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. वडील घरी बसल्यावर ती तारीख उलटून जायला वेळ लागत नाही, म्हणून कार्ड आजच शोध. तसंच सरकारी वसतिगृह मिळालेलं नसेल तर स्वाधार योजनेत राहण्या-जेवण्यासाठी थेट खात्यात रक्कम येते, मोठ्या शहरांत वर्षाला 60,000 पर्यंत, लहान ठिकाणी कमी. गुणांची आणि गावापासूनच्या अंतराची अट बघून घे. एकाच खर्चासाठी दोन सरकारी योजना चालत नाहीत, तेव्हा अर्ज करताना तुला काय काय मिळतंय ते खरं खरं लिही.

आणि माणसांकडे माग. गावातले शिक्षक, नोकरीला लागलेल्या तुझ्या सीनियर मुली, मामा, समाजाचं मंडळ. हात पसरल्यासारखं वाटतं, हे समजतं मला. पण आपल्याकडे हे शिक्षण उभंच तसं राहिलं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात 1909 साली सेवासदन सुरू झालं. तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला लागल्या. त्यांच्यात विधवा होत्या, माहेर-सासर दोन्हीकडून आधार नसलेल्या होत्या. स्वतःच्या घरच्या पैशावर त्यातल्या किती जणी शिकू शकल्या असत्या? संस्थेने दारोदार देणग्या मागून ते काम चालवलं. तू मागशील तेव्हा त्या रांगेतलीच एक असशील. फक्त मागताना रक्कम, कारण आणि परतफेडीची तारीख स्पष्ट सांग, आणि वहीत लिहून ठेव.

आता कर्ज. तुझ्या पत्रात या शब्दाला तू फार घाबरलेली दिसतेस आणि त्याचं कारणही दिसतं. दर आठवड्याला हप्तेवाला दारात येतो, आई बाहेर येते, शेजारी बघतात. ते वर्षाला वीस-पंचवीस टक्क्यांचं कर्ज आहे, घेतल्या आठवड्यापासून फेडायचं. शैक्षणिक कर्ज वेगळ्या जातीचं असतं. ते तुझं शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत फेडावं लागत नाही आणि परतफेडीला 15 वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. 4 लाखांपर्यंत बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. सरकारच्या हमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतही विनातारण मिळतं. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिक्षणाच्या काळातलं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. नर्सिंगच्या मुलीला या सवलतीसाठी नर्सिंग कौन्सिलची मान्यता असलेलं कॉलेज लागतं. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करायचा. तिसऱ्या-चौथ्या वर्षासाठीही कर्ज मिळतं, पहिल्याच वर्षी घ्यायला हवं होतं असं काही नाही. त्यात मेस, पुस्तकं, गणवेश हा खर्चही धरता येतो. मागची थकबाकी मात्र बँक सहसा देत नाही, म्हणून 41,000 हप्त्यानेच फेडायचे आहेत.

समज, तू 2 लाखांचं कर्ज घेतलंस आणि सात वर्षांत फेडायचं ठरवलंस. दहा टक्के व्याजाने महिन्याचा हप्ता सुमारे 3,300 रुपये बसेल. लहानशा खासगी पगारातही तो जड नाही. शाखेतले साहेब 'नर्सिंगला देत नाही' म्हणाले तर नकार लेखी माग, आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जा. 'लेखी द्या' म्हटल्यावर पुष्कळदा कागदपत्रांची यादी हातात मिळते. तरीही आधी शिष्यवृत्ती सोडव, मग जेवढं कमी पडतंय तेवढंच कर्ज घे. जास्त मिळतंय म्हणून घ्यायचं नाही आणि त्यातून आईचे हप्ते फेडायचे नाहीत. हे दुसरं वाक्य तुला जड जाईल, तरी लिहितेय.

मैत्रिणी ब्युरोतून (घरोघरी पेशंट सांभाळायला माणसं पाठवणाऱ्या संस्थेतून) रात्रपाळीला जातात, मी पण जाऊ का, असं शेवटी विचारलंस. कळवळून सांगते, सेमिस्टर चालू असताना नको. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडायच्या आत प्रत्येक क्लिनिकल पोस्टिंगचे तास 100 टक्के भरावे लागतात. रात्री घरी जाऊन म्हाताऱ्या पेशंटला सांभाळायचं आणि सकाळी साडेसातला वॉर्डात उभं राहायचं, यात पोस्टिंगचे दिवस बुडतात आणि ते नंतर सुट्टीत भरून द्यावे लागतात. औषध मोजताना डोळा लागणं काय असतं ते तुला सांगायला नको. सुट्टीत काम कर. पेशंटची सोबत कर, त्यांना खाऊ घाल, चालव, पण इंजेक्शन आणि सलाईनला हात लावू नकोस. 'तू नर्सिंगचीच ना' असं म्हणून आग्रह करतील. नाही म्हण.

आणि 'फी आम्ही भरतो, पास झाल्यावर इतकी वर्षं आमच्याकडे काम कर, तोवर मूळ कागदपत्रं आमच्याकडे' असं कुणी म्हणालं तर तो कागद मोठ्या, जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. मूळ गुणपत्रकं तर कुणालाच देऊ नकोस. परदेशी पाठवतो म्हणणाऱ्या एजंटांनाही हेच लागू.

हे सगळं करूनही एखादं सेमिस्टर थांबावंच लागलं, तर तेही कागदावर थांब. कारणासह अर्ज दे, मंजुरीचं पत्र घे, परत कधी येणार ते लिही. पदवी पूर्ण करायला प्रवेशापासून आठ वर्षांची मुदत असते, एका सेमिस्टरने काही बिघडत नाही. मुलींचं बिघडतं ते न सांगता गावी निघून गेल्याने. फोन घ्यायची लाज वाटते, मग हजेरी जाते, मग शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडतं आणि परतायचा रस्ता खरोखरच बंद होतो.

याच अडचणीतल्या इतर मुलींसाठी थोडक्यात. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलींना राहण्या-जेवण्यासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, आदिवासी मुलींना स्वयम् योजना. 2024-25 पासून राज्याने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. मात्र प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून नव्हे. प्रवेश घेतानाच हा फरक विचारून घ्या, पुढची चार वर्षं त्यावर अवलंबून असतात. अल्पभूधारक आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. इतर मागासवर्गीय महामंडळ शैक्षणिक कर्जाचं व्याज परत देतं. पुण्यात राहायची सोय परवडत नसेल तर विद्यार्थी सहायक समितीकडे चौकशी करा. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरला म्हणजे झालं असं समजू नका. पैसे जमा होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी लॉगिन करून स्थिती बघा.

तुझ्याकडे परत येते. सोमवारी सकाळी पोस्टिंग संपलं की आधी ट्यूटर मॅडम, मग त्यांच्यासोबत प्राचार्य. मंगळवारी शिष्यवृत्तीचा लिपिक आणि बँकेत आधार जोडणी. बुधवारी रजा टाकून समाज कल्याण कार्यालय. आईला फोन करून वडिलांचं बांधकाम कामगार कार्ड आणि उत्पन्नाच्या दाखल्याचं बघायला सांग, तहसीलच्या चकरा भाऊही मारू शकतो, तो बारावीला असला तरी. हॉस्पिटलच्या डॉक्टरांना नम्रपणे कळव की नोंदणी झाल्यावर भेटायला येईन. प्राचार्यांनी हप्ते मंजूर केले तर त्या पत्रावर परीक्षा अर्जाचा उल्लेख आहे ना ते तिथेच वाचून घे, नसेल तर घालून द्यायला सांग, आणि ऑफिसच्या खिडकीवर जाताना त्याची झेरॉक्स दे, मूळ पत्र स्वतःकडे ठेव.